आमचे शनिवारचे विज्ञान-मंडळ

विज्ञान या विषयाशी आमचे वैर तसे जुनेच आहे. शाळेत असताना प्रयोगवहीत आम्ही दिव्याच्या ज्योतीचे चित्र काढले होते. ते पाहून आमच्या गुरुजींनी 'कमळ सुरेख आहे' असा शेरा मारला. तेव्हापासून आम्ही साहित्याच्या आश्रयास गेलो, कलाशाखेची पदवी मिळवली, आणि गेली अकरा वर्षे मुलांना मराठी शिकवीत सुखाने कालक्रमणा करीत आहो. अशा माणसाच्या गळ्यात विज्ञान-मंडळाची माळ पडावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. पण ती पडली खरी, आणि तिच्यामुळे आम्हांला जे शिकावयास मिळाले ते या वार्षिकांकाच्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभीच एक खुलासा करून टाकतो. या लेखात जागोजागी येणारे 'आम्ही' म्हणजे कोणी मोठे शिष्टमंडळ नव्हे. आरशापुढे उभे राहिले असता आम्ही एकटेच दिसतो. लिहिताना मात्र 'मी' म्हणण्याचे धैर्य होत नाही. 'आम्ही' म्हटले की चुकांचे ओझे चार खांद्यांवर वाटल्यासारखे वाटते. आणि या लेखात चुका पुष्कळ आहेत.

गोष्ट २०२३ सालच्या पावसाळ्यातली. आपल्या शाळेच्या प्राथमिक विभागात पालकांची सभा भरली होती. गणवेश, पावसात गळणारे छप्पर, मधल्या सुट्टीचा खाऊ असे नेहमीचे विषय संपले आणि आम्ही घड्याळाकडे पाहू लागलो, तोच मागच्या बाकावरून एक माता उठल्या. त्या आरोग्यकेंद्रात परिचारिका आहेत. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाने विचारले, समुद्राचे पाणी खारट, त्याचेच ढग होतात, मग पाऊस गोडा कसा? पुस्तकात एका ओळीचे उत्तर आहे. ते मी वाचून दाखवले. तो म्हणाला, दाखव. आता दाखवायचे कसे? आपण पालकांनीच मिळून असे काही दाखवण्याची सोय करावी."

सभेत कुजबुज झाली. प्राथमिकच्या शिक्षिकांवर आधीच कामाचा डोंगर. त्यांना आणखी एक तास मागणे बरे दिसले नसते. म्हणून ठरले ते असे, की तिसरी-चौथीच्या मुलांसाठी दर दुसऱ्या शनिवारी दीड तास एक विज्ञान-मंडळ भरवावे, आणि ते पालकांनीच चालवावे. शाळेने खोली द्यावी आणि खोलीची किल्ली सांभाळण्यास एक शिक्षक. मुख्याध्यापकांनी सभोवार पाहिले. शाळेपासून सर्वांत जवळ आमचे बिऱ्हाड. अशा रीतीने मंडळ पालकांचे झाले आणि किल्ली आमची.

मंडळाचे नियम पहिल्याच बैठकीत ठरले, तेही पालकांनीच केले. कोणीही पाच मिनिटांहून अधिक बोलावयाचे नाही. प्रत्येक मुलाचा हात वस्तूला लागला पाहिजे; नुसते पाहणे चालणार नाही. साहित्य घरात किंवा वाड्यावर मिळणारे असावे, आणि विकत आणलेच तर पन्नास रुपयांच्या आत. विस्तव, उकळते पाणी किंवा नदी यांचा संबंध येईल त्या दिवशी मुख्य पालकाखेरीज आणखी दोन मोठी माणसे हजर हवीत. आणि शेवटचा नियम असा, की उत्तर ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असे म्हणावे. हा शेवटचा नियम ऐकून आम्ही मनात हसलो होतो. यात नियम करण्यासारखे ते काय, असे आम्हांला वाटले. तो नियम पहिल्याच शनिवारी मोडला, आणि मोडणारे आम्हीच होतो.

झाले असे, की पहिल्या दिवशी पुढे होण्यास कोणी पालक तयार होईनात. तेव्हा उद्घाटन आपणच करावे असे आमच्या मनाने घेतले. मेणबत्तीचा प्रयोग आम्हांला शाळेपासून पाठ होता. बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला उपडा घातला. थोड्या वेळाने ज्योत मंदावली, विझली आणि बशीतले पाणी पेल्यात वर चढले. मुलांनी टाळ्या पिटल्या. आम्ही खडू उचलून सांगितले, "हवेचा एक पंचमांश भाग प्राणवायू असतो. तो जळून गेला, त्याची जागा रिकामी झाली, म्हणून तेवढे पाणी आत आले."

तिसरीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, दोन मेणबत्त्या लावल्या तर?"

"तेवढेच पाणी चढेल," आम्ही ठामपणे म्हणालो. "पेल्यातला प्राणवायू तेवढाच ना?"

कोणीतरी लगेच दुसरी मेणबत्ती लावली. पाणी पहिल्यापेक्षा चांगले बोटभर वर गेले. मग एका मुलीने तिसरी लावली. पाणी आणखी चढले. सव्वीस मुले आमच्या तोंडाकडे पाहू लागली. अशा वेळी काय म्हणावयाचे ते भिंतीवरच्या नियमांत लिहिलेले होते. पण आम्ही म्हणालो, "या मेणबत्त्या जरा जाड आहेत," आणि घंटा दिली. त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही. मुलांनी प्रश्न विचारला होता, प्रयोग केला होता आणि शिक्षकाने त्यांना फसवले होते. याहून साध्या शब्दांत ते सांगता येत नाही.

पुढच्या शनिवारी त्या परिचारिका पालक आल्या. शेगडीवर त्यांनी मिठाचे पाणी उकळत ठेवले, चिमट्यात धरलेली थंड थाळी वाफेवर कलती धरली, आणि थाळीवरून ओघळलेले थेंब निवाल्यावर मुलांना चाखावयास दिले. थेंब गोडे होते. भांड्यातले पाणी आटल्यावर तळाशी पांढरे मीठ राहिले; तेही मुलांनी बोटाने चाखून पाहिले. पाऊस गोडा का, हे सांगण्यास मग फार शब्द लागले नाहीत. तेवढ्यात एकाने विचारले, "पाणी उडाले, मग मीठ का नाही उडाले?"

बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. पुढच्या वेळी शोधून आणते." त्यांनी एका कागदावर तो प्रश्न लिहिला आणि कागद भिंतीवर चिकटवला. खोलीत विलक्षण शांतता पसरली. मोठे माणूस, तेही शाळेत, तेही फळ्यापुढे उभे राहून असे म्हणते, हे मुलांना नवे होते. खरे सांगावयाचे तर आम्हांलाही नवेच होते. दोन आठवड्यांनी त्या उत्तर घेऊन आल्या: मिठाची वाफ होण्यास १,४०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते, आपल्या शेगडीवर ते जमणे नाही. पण त्याआधी, त्यांचा तो कागद भिंतीवर फडफडत असताना, आम्हांला उठणे भागच होते. आम्ही उठलो आणि म्हणालो, "मुलांनो, मेणबत्त्या जाड नव्हत्या. आमचेच सांगणे चुकले होते."

त्या चुकीची दुरुस्ती एका पालकांनीच केली. ते शीतकपाटे दुरुस्त करतात. त्यांनी तोच प्रयोग पुन्हा करावयास लावला आणि मुलांना फक्त पेल्याच्या काठाकडे पाहण्यास सांगितले. पेला उपडा घालताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडत होते. ज्योतीने तापलेली हवा फुगते आणि तिचा काही भाग बाहेर निसटतो; ज्योत विझली की आतली हवा निवून आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त, तर हवा अधिक तापते, अधिक निसटते, म्हणून पाणी अधिक चढते. प्राणवायू तर सगळा संपलेलाही नसतो; ज्योत त्याआधीच विझते, आणि जो जळतो त्याच्या जागी दुसरा वायू तयार होतो. पाणी मुख्यत्वे ज्योत विझण्याच्या सुमारास आणि विझल्यावर भराभर चढते, हे आम्ही इतकी वर्षे पाहत होतो. पण दिसत काही नव्हते, कारण उत्तर आधीच पाठ होते.

मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडन येथे मुलांपुढे सहा व्याख्याने दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर. फॅरडे लोहाराचा मुलगा. शाळा बेताचीच, तरुणपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेली. एका मेणबत्तीत सहा व्याख्यानांचा ऐवज त्याला दिसला. आम्हांला पदवी असून एका व्याख्यानापुरताही दिसला नव्हता. हे आम्ही पालकांच्या बैठकीत सांगितले, आणि त्याचा एक उपयोग झाला. "आम्ही शिकलेले नाही" म्हणून मागे राहणारे दोघे-तिघे पुढे आले.

मग मंडळाला रंग चढला. वाड्यावरच्या पदेरांनी, म्हणजे आपल्या पाववाल्यांनी, तीन बाटल्या आणल्या. तिन्हींत साखर आणि पाव फुगवण्याचे यीस्ट. एकीत थंड पाणी, दुसरीत कोमट, तिसरीत उकळते. बाटल्यांच्या तोंडाला फुगे बांधले. तासाभरात कोमट पाण्याचा फुगा डौलाने उभा राहिला, थंड पाण्याचा जेमतेम मान उचलू लागला, आणि उकळत्या पाण्याचा मेल्यासारखा लोंबत राहिला. यीस्ट सजीव असते, ते साखर खाऊन वायू सोडते आणि उकळत्या पाण्यात मरते, हे मुलांना सांगावे लागले नाही. पूर्वी गोव्यात पाव फुगवण्यास माडाची सूर वापरीत, ही माहितीही त्यांनीच दिली. एका आजीबाईंनी कागदावर हळद फासून वाळवली आणि मुलांना साबणाच्या पाण्याने त्यावर नाव लिहावयास सांगितले. पिवळ्यावर तांबडी अक्षरे उमटली. लिंबू पिळले, अक्षरे पुन्हा पिवळी झाली. हळदीला चुना लावून कुंकू कसे करीत तेही त्यांनी करून दाखवले. देवघरातले कुंकू आणि प्रयोगशाळेतली परीक्षा यांच्यामध्ये एवढे थोडे अंतर असेल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते.

सगळेच गोड होते असे मात्र नाही. एका पालकांनी सरळ विचारले, "या मंडळाला गुण किती?" गुण नाहीत असे ऐकून त्यांनी मुलाला शिकवणीला घातले. चवथीच्या सणानंतर मुले गळू लागली. सव्वीसांची सोळा झाली आणि एका शनिवारी तर अकराच उरली. मंडळ बंद करावे काय, असाही विचार निघाला. परिचारिकाबाई म्हणाल्या, "अकरा आहेत ना? मग अकरांसाठी." प्रश्न तेथेच मिटला.

आता या लेखाचे खरे कारण सांगतो.

दिवाळीनंतर आम्ही मुलांना भरतीच्या नोंदी करण्यास सांगितले. आपले गाव नदीकाठी. समुद्राची भरती नदीतून येथवर चढते. घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन आठ दिवस पाणी केव्हा पुरते भरते ते पाहावे आणि वहीत लिहावे, एवढेच काम. वह्या आल्या. एका चिरंजिवांनी आठही दिवस बरोबर सात वाजता भरती आणली होती. अंथरुणातून आणली असावी. पण चौथीतल्या एका मुलीची वही आगळी होती. पहिल्या दिवशी सकाळी सात, दुसऱ्या दिवशी पावणेआठ, तिसऱ्या दिवशी आठ चाळीस, अशी तिची भरती रोज पाऊण-एक तासाने मागे सरकत होती, आणि आठव्या दिवशी ती दुपारच्या जेवणाच्या वेळेवर जाऊन पोहोचली होती. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. चंद्रही रोज आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, आणि त्याला गाठण्यास पृथ्वीला तेवढे अधिक फिरावे लागते. हे पुस्तकात आहे. पण त्या मुलीने ते पुस्तकातून घेतले नव्हते. तिचे वडील खाजनाच्या मानशीवर काम करतात, आणि त्यांचे घड्याळ म्हणजे भरतीच.

त्या वहीत खाली एक वाक्य होते: 'आज सुकती लागल्यावर मानशीचे दार आपोआप उकते झाले.'

आम्ही मराठीचे शिक्षक. लाल शाईची लेखणी आमच्या खिशात असते. आम्ही 'सुकती' खोडून वर 'ओहोटी' लिहिले, 'उकते' खोडून 'उघडे' लिहिले, आणि समासात शेरा दिला: 'शुद्ध भाषेत लिही.' एवढे करून आम्ही समाधानाने पुढची वही उचलली.

पुढच्या वेळी त्या मुलीच्या वहीत एकच वाक्य होते: 'भरती व ओहोटी चंद्राच्या आकर्षणामुळे होते.' वाक्य पाठ्यपुस्तकी होते. त्यात काही पाहिलेले नव्हते. त्याच्या पुढच्या वेळी तिने वही आणलीच नाही, आणि विचारले तेव्हा ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

परिचारिकाबाईंनी जुनी वही चाळली आणि आम्हांला विचारले, "सर, हे मानशीचे दार आपोआप कसे उघडते हो?"

आम्ही म्हणालो, "कुठे आहे ते?"

"तुम्हीच तर तपासले आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते वाक्य पुढे केले.

दोन शब्द सुधारताना त्या दोहोंच्या मधला 'आपोआप' आमच्या नजरेतून निसटला होता. त्या वर्षी मंडळात झालेल्या साऱ्या निरीक्षणांत ते उत्तम निरीक्षण होते. नऊ वर्षांच्या मुलीने पाहिले होते, की दाराला कोणी हात लावीत नाही आणि तरी ते उघडते. आणि आम्ही तिला सांगितले ते काय, तर तुझ्या घरचा शब्द अशुद्ध आहे. लाजेची गोष्ट ही, की तो आमच्याही घरचा शब्द आहे. आमची आई आजही 'सुकती'च म्हणते. ज्या शब्दात काठ सुकत गेलेला डोळ्यांना दिसतो, तो शब्द आम्ही शाळेच्या उंबऱ्याबाहेर चपलांसारखा काढून ठेवीत आलो होतो, आणि मुलांनाही काढावयास लावीत होतो.

रविवारी आम्ही खाजनावर गेलो. ज्यांनी खाजन पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो: नदीकाठची सखल जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते, तिला खाजन म्हणतात. बांध चिखलाचा, जागोजागी जांभ्या दगडाचा. बांधात पाणी जाण्या-येण्याची एक वाट ठेवून तिला लाकडी दारे बसवलेली असतात, ती मानस. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावकारी ही खाजने राखीत आल्या आहेत. खाऱ्या मातीतही तग धरणारे कोरगुट भात येथे पिकते, आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरतात.

त्या मुलीचे वडील तेथेच होते. बांधावरून जाताना आमचा पाय घसरला आणि आम्ही गुडघाभर चिखलात गेलो. त्यांनीच हात देऊन वर ओढले. आम्ही आमचे येणे कशासाठी ते सांगितले. मंडळात या, मुलांना मानस दाखवा. ते जाळे आवरीत म्हणाले, "मास्तर, तुमी शिकिल्ले. आमकां कितें कळटा?" मग जरा थांबून, आमच्याकडे न पाहता म्हणाले, "धुव म्हणटा, आमचीं उतरां चुकीचीं." मुलगी म्हणते, आपले शब्द चुकीचे.

लेखात आम्ही 'आम्ही' असतो. बांधावर तसे म्हणता येईना. आम्ही म्हणालो, "चूक म्हजी." ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी सुकती किती उरली ते पाहिले आणि शनिवारी किती वाजता यावयाचे ते विचारले.

त्या शनिवारी ते पांढरा शर्ट घालून आले आणि बराच वेळ दाराबाहेरच उभे राहिले. बरोबर एक मोठे घमेले, पिशवीभर नदीचा चिखल, थोडा पेंढा, एक लाकडी चौकट आणि तळहाताएवढी फळी. आत आल्यावर त्यांनी भाषण केले नाही. घमेल्याच्या मधोमध चिखल-पेंढ्याचा बांध घातला, त्यात चौकट बसवली, एका बाजूला 'नदी' म्हटले आणि दुसऱ्या बाजूला 'शेत'. शेतात मुलांनी मोड आलेले मूग पेरले. फळीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बिजागरीसारखा ठोकला, आणि फळी व खिळे मुलांच्या हाती देऊन ते बाजूला बसले. "तुमी लायात," एवढेच म्हणाले. तुम्ही लावा.

मुलांनी दार शेताच्या बाजूने लावले. नदीत तांब्याने भरती आणली. पाण्याने दार आत ढकलले आणि मूग बुडाले. कोणी रडकुंडीस आले, कोणी हसले. आम्ही सांगण्यासाठी तोंड उघडले, तोच त्यांनी हाताने आम्हांला थांबवले आणि मुलांना विचारले, "उदक खंयच्यान भितर सरलें?" पाणी कुठून आत शिरले? मुले घमेल्यावर ओणवी झाली. तीन वेळा दार काढून लावले गेले, दोन वेळा बांध फुटला. शेवटी दार नदीच्या बाजूला आले. पुन्हा भरती आणली. आता नदीचे पाणीच दाराला चौकटीवर दाबून धरू लागले, आणि भरती जितकी चढे तितके दार घट्ट बसे. मग शेतात पावसाचे पाणी ओतले आणि नदीतले उपसू लागले. नदीची पातळी शेताच्या खाली गेली तशी फळी हलली, थरथरली आणि उघडली. शेतातले पाणी नदीत गेले.

"आपोआप!" दोघे-तिघे एकदम ओरडले.

त्यांची मुलगी तोवर मागे उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "सुकती लागली की दार उघडते." नेमके कधी, असे परिचारिकाबाईंनी विचारले तेव्हा मुलांनी पट्टी घेऊन दोन्हीकडचे पाणी मोजले. ज्या बाजूला पाणी उंच, त्या बाजूचा दाब अधिक. दार त्या दाबाच्या आज्ञेत असते. 'दाब' हा शब्द बाईंनी दिला, पण वस्तू त्या गृहस्थांची होती. आम्ही फळ्यावर लिहिले: 'ओहोटी, सुकती.' दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहिले, आणि कोणताही खोडला नाही.

तास संपताना एका मुलाने विचारले, "आणि बांधच फुटला तर?"

ते घमेल्याकडे पाहत म्हणाले, "मागीर शेत ना." मग शेत नाही. थोड्या वेळाने त्यांनी सांगितले, की बांध राखण्यास माणसे मिळेनात, खेकडे भोके पाडतात, ती वेळेवर बुजवली नाहीत तर एका उधाणात बांध जातो, आणि एकदा खारे पाणी आत शिरले की जमीन पुन्हा लागवडीस येण्यास काही पावसाळे जावे लागतात. त्यांच्याच शेजारची एक जमीन अशी पडून आहे. मुले गप्प झाली. पाणी, दाब, चंद्र हे सारे खेळ म्हणून चालले होते. त्या वाक्यासरशी ते गावाचे झाले. ज्या दाराचे मर्म अकरा मुलांना त्या दिवशी उमगले, ते दार उद्या कोण राखणार, हा प्रश्न आम्ही भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवला. तो अजून तेथेच आहे. परिचारिकाबाईंनाही त्याचे उत्तर शोधून आणता आलेले नाही.

त्यानंतर मंडळाच्या नियमांत एक भर पडली: मंडळाच्या वहीला लाल शाई लावावयाची नाही. कोणी गैरसमज करून घेऊ नये. मराठीच्या तासाला आम्ही ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत पूर्वीइतकेच कठोर आहो, आणि मुलांना शुद्ध मराठी यावी यासाठीच आमचा पगार आहे. पण निबंधाची वही निराळी आणि निरीक्षणाची निराळी. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मूल प्रथम घरच्या शब्दाने धरते. तो शब्दच हिसकावून घेतला तर पाहिलेलेही हातातून सुटते. आधी वस्तू वहीत येऊ द्यावी. शाळेचा शब्द तिच्या शेजारी नंतर बसवता येतो. त्या मुलीची वही पुन्हा येऊ लागली आहे. तिने मागल्या पानावर दोन रकाने आखले आहेत, एका रकान्यात घरचे शब्द आणि दुसऱ्यात पुस्तकातले. काही शब्दांपुढची जागा तिने रिकामी ठेवली आहे, आणि अधूनमधून ती ते शब्द आम्हांला विचारते. सगळेच काही आम्हांला येत नाहीत. तेव्हा आम्ही नियमाप्रमाणे म्हणतो, "ठाऊक नाही, शोधून सांगतो."

या अंकाच्या वाचकांत पुष्कळ पालक आहेत. त्यांना आमची विनंती एवढीच, की मंडळाला शास्त्रज्ञ नको आहेत. ज्याला विहिरीचा पंप दुरुस्त करता येतो, जिला लोणचे टिकवता येते, ज्याला वाऱ्यावरून पावसाची वेळ सांगता येते, जी शिवणयंत्र चालवते, त्यांनी दीड तास द्यावा आणि आपली वस्तू बरोबर आणावी. भाषण तयार करण्याची गरज नाही. आपली भाषा कशी वाटेल याची चिंता नको. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले नाही तर भिंतीवर कागद आहे.

दर दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता खोली उघडते. किल्ली आमच्याकडेच आहे.